सीमेवरचें कुटुंब आणि वीस दिवसांचा नियम



कुटुंबाला एकत्र ठेवावें, या मागणीला विरोध करणारा मनुष्य सहसा सांपडणार नाहीं. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत २०१८ च्या जून महिन्यांत दोन्ही मोठ्या पक्षांचे पुढारी हेंच म्हणत होते. सिनेटर डायान फाइनस्टाइन यांच्या विधेयकाचें नांव होतें ‘कीप फॅमिलीज टुगेदर ॲक्ट’. सिनेटर टॉम टिलिस यांच्या विधेयकाचें ‘कीप फॅमिलीज टुगेदर अँड एन्फोर्स द लॉ ॲक्ट’. नांवांत चारच शब्दांची भर. पण पहिल्यांत सीमेवर मुलाला आईबापांपासून तोडण्यास मनाई होती, तर दुसऱ्यांत मुलाला आईबापांसह स्थानबद्ध ठेवण्याची वाट मोकळी केलेली होती. शाळेंत नागरिकशास्त्र शिकवीत असतांना मी मुलांना नेहमीं सांगत असें कीं, कायद्याच्या नांवावर थांबूं नका, कलमें वाचा. एकत्र, हें खरें. पण भिंतीच्या आंत कीं बाहेर?

या प्रश्नाचें मूळ १९८५ सालच्या एका खटल्यांत आहे. एल् साल्व्हाडोर देशांतून एकटीच आलेली पंधरा वर्षांची एक मुलगी कॅलिफोर्नियांत पकडली गेली आणि अनोळखी प्रौढ माणसांबरोबर एका बंदिस्त जागेंत ठेवली गेली. आईबाप किंवा कायदेशीर पालक यांच्याखेरीज कोणाच्या हातीं मुलाला सोंपवावयाचें नाहीं, असा सरकारी खात्याचा त्या वेळीं दंडक होता. तिच्या आडनांवावरून ‘फ्लोरेस’ म्हणून ओळखला जाणारा हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९३ सालीं तेथें सरकारची सरशी झाली. परंतु उभय पक्षांनीं पुढें १९९७ सालीं तडजोड केली. मुलाला विनाविलंब सोडावें आणि तसें करतां आलें नाहीं, तर मुलांच्या संगोपनाचा परवाना असलेल्या संस्थेंत ठेवावें, हें तिचें सार. ध्यानांत घ्यावें कीं, हा संसदेनें केलेला कायदा नव्हे. तो एक करारनामा आहे, आणि न्यायालयाच्या देखरेखीखालीं तो चालत आला आहे.

करार झाला तेव्हां डोळ्यांपुढें होतीं तीं एकटीं आलेलीं मुलें. पुढें आयांसह मुलें येऊं लागलीं. २००६ सालीं टेक्ससमधील टेलर गांवीं एका जुन्या तुरुंगांत कुटुंबें ठेवण्यास सुरुवात झाली. टीका व खटले झाल्यावर २००९ मध्यें तें बंद करण्यांत आलें. २०१४ सालीं मध्य अमेरिकेंतून येणाऱ्या कुटुंबांची संख्या फार वाढली, आणि त्याच राज्यांत कार्नेस व डिली येथें मोठीं केंद्रें उघडलीं. एकट्या डिलीची क्षमता २४०० माणसांची. तेव्हां वाद पुन्हां कोर्टांत गेला. लॉस एंजेलिस येथील न्यायाधीश डॉली जी (‘जी’ हें येथें आडनांव आहे, आदरार्थी प्रत्यय नव्हे!) यांनीं २०१५ सालीं निर्णय दिला कीं, आईबरोबर आलेल्या मुलालाहि हा करार लागू आहे.

वर्तमानपत्रांतून ‘वीस दिवसांचा नियम’ म्हणून ज्याचा उल्लेख होतो, तो येथूनच निघाला. मूळ करारांत वीस हा आंकडा कोठेंहि नाहीं. तेथें तीन किंवा पांच दिवसांची मुदत आहे, आणि गर्दीच्या काळीं शक्य तितक्या त्वरेनें, एवढेंच म्हटलें आहे. आश्रय मागणाऱ्यांची प्राथमिक चौकशी पुरी करण्यास सरासरी वीस दिवस लागतात, असें सरकारनेंच न्यायालयाला सांगितलें. प्रामाणिक प्रयत्न करूनहि तितकाच वेळ लागत असेल तर तो करारांत बसूं शकेल, असें न्यायाधीशबाईंनीं म्हटलें. म्हणजे सरकारनें पुढें ज्या आंकड्याला अडसर म्हटलें, तो सरकारच्याच जबानींतून आलेला होता.

२०१६ मध्यें वरिष्ठ न्यायालयानें हा निर्णय कायम केला, पण एक भेद केला. करारानें हक्क दिला आहे तो मुलाला. आईबापांना त्यानें सुटकेचा हक्क दिलेला नाहीं. सगळी गुंतागुंत या एका भेदांत आहे. मूल वीस दिवसांनंतर सुटावयाचें आणि आई आंतच राहावयाची, असें झालें कीं ताटातूट आलीच. ती टाळावयाची तर आईला सोडावें, नाहीं तर मुलाचा हक्क आईकडून सोडवून घ्यावा.

२०१८ च्या एप्रिलमध्यें सरकारनें तिसरीच वाट धरली. बेकायदा सीमा ओलांडणाऱ्या प्रत्येक प्रौढावर फौजदारी खटला भरण्याचें ठरलें. आईबाप कोठडींत गेले, मुलें ‘एकटीं’ ठरवून दुसऱ्या खात्याकडे पाठविण्यांत आलीं. अडीच हजारांहून अधिक मुलें अशीं तोडलीं गेलीं. लोकक्षोभ इतका झाला कीं २० जूनला अध्यक्षांनीं आज्ञापत्र काढून कुटुंबें एकत्र स्थानबद्ध ठेवण्याचें धोरण जाहीर केलें. सहा दिवसांनीं सॅन डिएगोच्या न्यायालयानें पांच वर्षांखालील मुलें चौदा दिवसांत व बाकीचीं तीस दिवसांत आईबापांना परत करण्याचा हुकूम दिला. कुटुंबांना एकत्र ठेवण्याची तरतूद असलेलें एक मोठें विधेयक प्रतिनिधिगृहांत १२१ विरुद्ध ३०१ मतांनीं पडलें. वर सांगितलेल्या दोन्ही विधेयकांचाहि कायदा झाला नाहीं.

सरकारची बाजू सांगणें अगत्याचें आहे. सोडलेलीं कुटुंबें सुनावणीला येत नाहींत आणि मूल बरोबर असलें कीं सुटका होते असें समजून लोक मुलांना धोक्याच्या वाटेवर घेऊन निघतात, असा तिचा आशय. दुसरा मुद्दा हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. पहिल्याची मात्र परीक्षा झालेली आहे. २०१६ व २०१७ सालीं पांच महानगरांच्या परिसरांत कुटुंबांना बाहेर ठेवून त्यांच्यामागें समाजसेवक देण्याची योजना चालली. सुमारें नव्याण्णव टक्के कुटुंबें सुनावणीला व हजेरीला आलीं. खर्च दर कुटुंबामागें दररोज सुमारें ३६ डॉलर. स्थानबद्धतेचा खर्च दर माणशीं ३१९ डॉलरांच्या आसपास. योजना जून २०१७ मध्यें बंद करण्यांत आली! अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनें त्याच वर्षीं म्हटलें कीं, स्थानबद्धतेचा कोणताहि काळ मुलांना निर्धोक असल्याचा पुरावा नाहीं. मग तो वीस दिवसांचा कां असेना. माझ्या मतें मुलाच्या अंगानें पाहिलें तर आईपासून तोडणें अधिक क्रूर, यांत शंका नाहीं. पण तेवढ्यावरून आईबरोबर कोंडणें ही दया ठरत नाहीं.

२०१९ मध्यें सरकारनें नवे नियम करून करार संपविण्याचा यत्न केला. न्यायालयानें त्यांना अटकाव केला. २०२१ च्या अखेरीस नव्या सरकारनें कुटुंबें कोंडणें थांबविलें. मार्च २०२५ पासून कार्नेस व डिली येथें तीं पुन्हां ठेवलीं जाऊं लागलीं, आणि जुलैंत झालेल्या कायद्यानें प्रौढांच्या व कुटुंबांच्या स्थानबद्धतेकरितां ४५ अब्ज डॉलर मंजूर केले. करार रद्द करण्याचा सरकारी अर्ज ऑगस्ट २०२५ मध्यें पुन्हां त्याच न्यायाधीशबाईंपुढें आला होता. तो त्यांनीं फेटाळला.