उसाच्या फडावरचा तांबडा तारा

दसरा-दिवाळी उरकली की आमच्या वडवणी तालुक्यातली गावे ओस पडू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे ट्रॅक्टर-ट्रकमध्ये संसार भरून पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात. पुढचे पाच-सहा महिने फडाजवळची कोपी हेच त्यांचे घर. नेमक्या याच महिन्यांत आकाशात एक तांबडा तारा त्यांच्या सोबतीला असतो. रात्री मोळ्या भरताना तो हजारोंच्या नजरेस पडतो. त्याची हकिगत आमच्या माणसांना माहीत असावी, म्हणून हा लेख.

डिसेंबरात जेवणवेळेला पूर्वेकडे पाहा. एका ओळीत तीन तारे दिसतील. आपले वडीलधारे त्यांना तिकांडं म्हणतात. हा मृग नक्षत्राचा मधला भाग. तिकांड्याच्या उजव्या अंगाला निळसर पांढरा तारा आहे, तो राजन्य. डाव्या अंगाला तांबूस तारा आहे, तो काक्षी. पंचांगातली आर्द्रा म्हणजे हाच तारा, असे बहुतेक जाणकार मानतात. इंग्रजीत त्याला बीटलज्यूज म्हणतात.

21-22 जूनच्या सुमारास आर्द्रा लागतात, तेव्हा सूर्य आकाशात याच ताऱ्याच्या बाजूला आलेला असतो. त्यामुळे पेरणीच्या दिवसांत तारा सूर्याच्या उजेडात बुडून जातो, आणि ऊसतोडीच्या दिवसांत रात्रभर दिसतो.

दिसायला ठिपका, पण आकार केवढा! आपल्या सूर्याच्या जागी तो ठेवला, तर पृथ्वी आणि मंगळाची वाट त्याच्या पोटात जाईल. 1920 साली अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेत मायकेलसन आणि पीझ यांनी त्याची रुंदी मोजली. सूर्य सोडून दुसऱ्या ताऱ्याची रुंदी प्रत्यक्ष मोजण्याची ती पहिली वेळ.

हा तारा म्हातारा आहे, पण त्याचे वय ऐकून नवल वाटेल. सूर्याचे वय सुमारे 460 कोटी वर्षे आहे आणि तो अजून ऐन भरात आहे. काक्षीचे वय आहे अवघे एक कोटी वर्षांच्या आसपास. तो सूर्याच्या पंधरा-वीस पट जड. जितका तारा जड, तितके त्याच्या पोटातले जळण भराभर संपते. काक्षीच्या गाभ्यातला हायड्रोजन संपला, म्हणून तो फुगला, वरून थंडावला आणि तांबडा झाला.

त्याचा उजेड कमी-जास्त होतो. अशा ताऱ्याला रूपविकारी तारा म्हणतात. जॉन हर्शेल यांनी 1836 ते 1840 या काळात काक्षीची ही खोड टिपली. त्याचा एक फेरा सुमारे 400 दिवसांचा, तर दुसरा सहा वर्षांच्या आसपासचा आहे. त्याच्या अगदी जवळ एक लहान सोबती तारा बहुधा फिरत असावा, असे हवाई बेटावरच्या जेमिनी दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून 2025 साली जाहीर झाले. सहा वर्षांच्या फेऱ्याचे कारण हाच सोबती असावा, असा शास्त्रज्ञांचा कयास आहे.

2019 च्या ऑक्टोबरपासून मात्र नेहमीपेक्षा वेगळे घडले. काक्षी उतरणीला लागला आणि फेब्रुवारी 2020 मध्ये एवढा मंद झाला की मृगाच्या दुसऱ्या खांद्यावरच्या साध्या ताऱ्याइतकाच दिसू लागला. आता तो फुटणार, अशा बातम्या जगभर झळकल्या. तो फुटला नाही. कारण समजायला गुऱ्हाळाची काहील आठवा. रस उकळताना मोठमोठे बुडबुडे वर येतात, फुटतात आणि शिंतोडे बाहेर उडतात. काक्षीचा पृष्ठभाग असाच उकळत असतो. 2019 साली तिथून वायूचा एक प्रचंड लोट बाहेर पडला. दूर जाऊन तो निवला, त्याची धूळ झाली, आणि ती आपल्या आणि ताऱ्याच्या मध्ये आली. ताऱ्याचा तो भागही थोडा थंड झाला होता. चिली देशातल्या मोठ्या दुर्बिणीने टिपलेल्या चित्रांवरून 2021 साली हा उलगडा प्रसिद्ध झाला. असे लोट तो पूर्वीपासून टाकत आला आहे. म्हणून त्याच्या भोवताली वायू आणि धुळीचे मोठे वेटोळे आहे.

त्याच मार्चमध्ये कोरोना आला, टाळेबंदी झाली आणि आपली ऊसतोड कुटुंबे कारखान्यांच्या हद्दीत अडकून पडली. अशा वेळी तारा विझला म्हणून संकट आले, असे सांगणारा कोणीतरी भेटतोच. त्याला एवढेच सांगावे: काक्षीचा उजेड आपल्यापर्यंत यायला सुमारे 500 ते 700 वर्षे लागतात. 2020 साली दिसलेली मंदी चोखोबांच्या काळापासून पुढच्या दोनशे वर्षांत केव्हातरी घडून गेली होती. तिचा आपल्या साथीशी काय संबंध? आर्द्रावर जन्मलेल्या लेकराच्या नशिबाशी तरी काय संबंध?

काक्षी एक दिवस फुटेल हे खरे. पुढच्या लाखभर वर्षांत केव्हाही. तेव्हा तो काही आठवडे दिवसासुद्धा दिसेल. एवढ्या अंतरावरून पृथ्वीला त्याचा धोका नाही. उलट आपण अशाच स्फोटांचे देणेकरी आहोत. आपल्या कोयत्याचे लोखंड आणि आपल्या रक्तातले लोह फार पूर्वी फुटलेल्या ताऱ्यांत तयार झाले आहे. ते सर्वांच्या रक्तात सारखेच आहे.

हा तारा अभ्यासायला दुर्बीण लागत नाही. जेसोरचे राधागोविंद चंद्र सरकारी खजिन्यात नाणी पारखण्याची नोकरी करीत. शालेय शिक्षणाची शेवटची परीक्षाही त्यांना उतरता आली नाही. तरी त्यांनी रूपविकारी ताऱ्यांच्या हजारो नोंदी करून अमेरिकेतल्या संस्थेकडे पाठविल्या आणि त्या तिथे शास्त्राच्या कामी आल्या. 1911 साली स्थापन झालेली ती संस्था आजही कोणाच्याही नोंदी घेते.

रीत सोपी आहे. तिकांड्याची रेघ वर वाढविली की तांबूस रोहिणी सापडते. खाली वाढविली की सर्वांत तेजस्वी व्याध. काक्षी आणि व्याध यांच्याशी पूर्वेला मोठा त्रिकोण करणारा तारा म्हणजे प्रश्वा. काक्षी बहुधा रोहिणीपेक्षा तेजस्वी आणि प्रश्वापेक्षा किंचित मंद असतो. आठ दिवसांतून एकदा, तिन्ही तारे चांगले वर आल्यावर, काक्षी कोणाच्या जवळ वाटतो ते पाहावे आणि तारखेसह वहीत लिहावे. दोन हंगामांत फरक वहीवर दिसू लागेल.

फडावर गेलेल्या मुलांची शाळा बुडते, ही आपल्या तालुक्याची जुनी जखम आहे. जमेल त्यांनी मुलांना हंगामी वसतिगृहात ठेवावेच. शाळेला दुसरा पर्याय नाही. पण ज्यांची लेकरे सोबत जातात, त्यांनी यंदा भांड्याकुंड्यांबरोबर एक कोरी वही आणि पेन्सिल अवश्य बांधून घ्यावी. पहिली नोंद घरातल्या मुलीकडून करून घ्यावी, आणि हंगाम संपल्यावर ती वही गावच्या गुरुजींना दाखवावी.