वखारीतली अळंबी : ओळख, धोका आणि धंदा

घोडबंदर रोडच्या एका अंगाला येऊरचे डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी. पावसाळ्यात इथली ओल लाकडात मुरते. मग दुकानामागे पडलेला आंब्याचा ओंडका असो की नव्या इमारतीच्या सेंट्रिंगच्या फळ्या, एका रात्रीत त्यावर पांढऱ्या छत्र्या फुटतात. कामगार विचारतो, "सेठ, ही खायची का?" उत्तर चुकले तर जिवावर बेतते, म्हणून हा विषय आम्ही घेतला आहे.

लाकडावर उगवणाऱ्या खाद्य अळंबीत धिंगरी प्रमुख. आकार शिंपल्यासारखा, रंग पांढरा किंवा राखाडी, देठ आखूड व बहुधा एका कडेला. खालचे पातळ पडदे देठावर उतरत जातात. टोपी कागदावर रात्रभर पालथी ठेवली तर पांढरट किंवा फिकट जांभळट भुकटीचा ठसा उमटतो. ठसा तपकिरी आला तर ती धिंगरी नव्हे. आदिवासी भगिनी बाजारात आणतात ती बहुतेक वारुळावरची अळंबी, ती निराळी.

तरीही एवढ्या खुणांवर विसंबून खाऊ नये. चांदीचे नाणे काळे पडते, लसूण रंग बदलतो, किड्याने खाल्ली म्हणजे चांगली, या साऱ्या समजुती खोट्या आहेत. जपानमध्ये लाकडावरची एक पांढरी अळंबी लोक वर्षानुवर्षे खात होते. २००४ साली तिच्यामुळे अनेक जण दगावले. त्यांत मूत्रपिंडाचे रुग्ण पुष्कळ होते.

आमच्या धंद्यातला धोका आणखी वेगळा आहे. वाळवी लागू नये म्हणून लाकडाला औषध मारतात. तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांचे मिश्रण सोंटी कामेसन यांनी १९३३ साली डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत शोधले. अळंबी असे जड धातू शोषून घेते. म्हणून रंगवलेल्या, औषध मारलेल्या किंवा कुठून आले ठाऊक नसलेल्या लाकडावरची अळंबी कोणत्याही जातीची असली तरी फेकून द्यावी.

व्यापारी बंधूंनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. छत्री हे केवळ फळ आहे. बुरशीचे धागे आधीच आत पसरून लाकूड खात असतात. छत्री खरवडून तो माल चांगला म्हणून विकणे म्हणजे गिऱ्हाइकाची फसवणूक. लाकडातील ओल २० टक्क्यांखाली ठेवली तर सहसा कूज लागत नाही. थप्पी जमिनीपासून उचलून, फळ्यांमध्ये पट्ट्या घालून रचावी.

ज्यांना धिंगरीची चव हवी किंवा जोडधंदा हवा, त्यांनी ती पिकवावी. १९६२ साली म्हैसूरच्या अन्न संशोधन संस्थेत झेड. बानो व श्रीवास्तव यांनी ती भाताच्या पेंढ्यावर वाढवून दाखवली. पेंढा भिजवून गरम पाण्याने निर्जंतुक करायचा, बियाणे मिसळून पिशव्या भरायच्या. तीन-चार आठवड्यांत पीक हाती येते. उरलेला माल वाळवून टिकतो. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील अळंबी केंद्रात याची माहिती मिळते.

राष्ट्रीय उद्यानातून अळंबी तोडून आणू नये. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा ठरतो. आणि कुणी रानटी अळंबी खाल्लीच असेल तर उलटीची वाट न पाहता, उरलेला तुकडा बरोबर घेऊन तडक इस्पितळ गाठावे. काही विषांची लक्षणे सहा तासांनंतर दिसतात आणि ती विषे शिजवूनही जात नाहीत. आपल्या कारागिरांना हे आजच सांगा.