घरातील जुने धुलाईयंत्र : निगा व दुरुस्ती

मोगरीने धुणे धोपटून हात भरून येण्याचे दिवस आपल्या पांढुर्णा व सौंसर भागातील बऱ्याच घरांतून आता गेले आहेत. कोपऱ्यात एक यंत्र उभे असते व ते निमूटपणे काम करते. त्याची आठवण होते ती ते बंद पडल्यावर. मग एक तर ते भंगारात जाते, किंवा त्यावर बादल्या रचल्या जातात, आणि चादरी-गोधड्यांचे ओझे पुन्हा घरातील माता-भगिनींच्या कंबरेवर येते. वास्तविक या यंत्राचे बहुतेक दोष मोजक्याच जागी असतात. ते क्रमाने पाहिले, तर पुष्कळसे काम घरच्या घरी उरकते. मात्र हात कोठे आवरावा हेही तितकेच नीट कळले पाहिजे.

प्रस्तुत लेखात वरून कपडे घालावयाच्या, दोन टाक्यांच्या यंत्राचा विचार केला आहे. त्याला नळाच्या जोराची गरज नसते. बादलीने पाणी ओतता येते, आणि एका घाण्याचे खळबळलेले पाणी दुसऱ्या घाण्याला वापरता येते. पाण्याच्या ओढीच्या प्रदेशात हे यंत्र टिकून राहिले ते यामुळेच. १९९० च्या दशकात मराठवाड्यातील धूत कुटुंबाच्या व्हिडिओकॉन कंपनीची अशी यंत्रे मध्यमवर्गीय घरांत रूढ झाली. ती कंपनी २०१८ साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, तरी तिची काही यंत्रे अजून चालू आहेत. कंपनी कोणतीही असो, पट्टा, कपॅसिटर, रबरी सील हे भाग मापाने जुळवून घेता येतात. येथे न मिळाल्यास नागपूरच्या बाजारात शोध घ्यावा. जुना भाग सोबत न्यावा, म्हणजे फसगत होत नाही.

यंत्राची रचना सोपी आहे. धुण्याच्या टाकीच्या तळाशी एक चकती असते. तिला पल्सेटर म्हणतात. खालची मोटार पट्ट्याने गिअरबॉक्स फिरविते व गिअरबॉक्स चकतीला फिरवितो. पिळण्याच्या टाकीला, म्हणजे स्पिनरला, निराळी मोटार असून ती सरळ टाकीच्या दांड्याला जोडलेली असते. वरच्या बाजूस वेळ लावण्याचे टायमर, आणि खाली पाणी सोडण्याची झडप. एवढाच सारा पसारा.

कोणत्याही कामापूर्वी प्लग सॉकेटमधून काढावा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. पाणी काढून टाकावे. यंत्र तीन पिनांच्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटलाच लावावे. घरात ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच बसविला असेल तर फार उत्तम. ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून चालू यंत्राला हात लावू नये.

आता दोष पाहू. यंत्र घुमते पण चकती फिरत नाही, अशी तक्रार वारंवार आढळते. यंत्र तत्काळ बंद करावे, कारण अडकलेली मोटार थोड्याच वेळात तापून जळते. प्लग काढून चकती हाताने फिरवावी. ती अडत असेल, तर तिच्या मधला स्क्रू काढून ती वर उचलावी. खाली नाणे, केसांची पिन किंवा लहान मोजा सापडण्याचा संभव असतो. चकती मोकळी फिरत असेल, तर संशय कपॅसिटरवर घ्यावा. घरच्या एक-फेज विजेवर मोटारीला आपण होऊन सुरुवात करता येत नाही. पायडल अगदी वरच्या टोकाला असताना नुसते खाली दाबून सायकल निघत नाही, बाजूने थोडा रेटा लागतो, तसेच हे आहे. तो रेटा कपॅसिटर देतो. नवा घेताना त्यावरील मायक्रोफॅरडचा आकडा तोच असावा व व्होल्टचा आकडा कमी नसावा. त्यात वीज साठून राहते, म्हणून त्याच्या टोकांना बोट लावू नये. बदलण्याचे काम जाणकाराकडून करून घ्यावे. उन्हाळ्यात व्होल्टेज फार उतरल्यासही मोटार अशीच घुमते, तेव्हा तेही आधी पाहावे.

मोटार फिरते पण चकती मंद चालते किंवा कपडे घातले की थांबते, असे असेल तर पट्टा सैल झालेला असतो. मागचे झाकण उघडून पट्टा मध्यभागी बोटाने दाबावा. तो सुमारे १ सेंटिमीटर दबावा. अधिक दबल्यास मोटारीचे बोल्ट ढिले करून ती किंचित सरकवावी व बोल्ट पुन्हा घट्ट आवळावेत. पट्ट्याला चिरा पडल्या असल्यास तो बदलावा. त्याचा क्रमांक त्याच्या पाठीवर छापलेला असतो.

स्पिनर फिरत नसेल तर प्रथम त्याचे झाकण नीट बसले आहे की नाही ते पाहावे. झाकणाखाली एक स्विच व एक ब्रेकची तार असते. झाकण उघडताच वीज तुटते व ब्रेक लागतो. तार गंजून अडकली किंवा ताणली गेली, की ब्रेक लागलेलाच राहतो. टाकी व बाहेरचे भांडे यांच्यामध्ये रुमाल घसरला असेल तरीही टाकी अडते. काही लोक झाकणाचा स्विच तारेने बांधून ठेवतात. हे फार घातक आहे. टाकीची त्रिज्या १२ सेंटिमीटर व वेग मिनिटाला १३५० फेरे धरला, तर तिची कडा ताशी सुमारे ६० किलोमीटर वेगाने धावते व आतील कापडावर त्याच्या वजनाच्या सुमारे २४० पट ओढ बसते. त्यात एखादे पोर हात घालील तर काय होईल, हे सांगावयास नको. झाकण उघडल्यावर टाकी काही क्षणांत थांबलीच पाहिजे. न थांबल्यास ब्रेक दुरुस्त होईतो स्पिनर वापरू नये.

स्पिनर दणदण उडत असेल तर कपडे एका बाजूला साचलेले असतात. ते सारखे पसरून वर प्लास्टिकची चकती दाबून बसवावी आणि यंत्राचे चारही पाय जमिनीला टेकतात का ते पाहावे. पाणी उतरत नसेल तर जाळी व नळी साफ करावी. नळीचे तोंड उंच ठेवू नये. उलट धुताना पाणी आपोआप वाहून जात असेल, तर झडपेच्या रबरात दोरा किंवा कचरा अडकलेला असतो.

आपल्याकडील जमीन काळ्या बेसाल्ट खडकाची असून विहिरी व बोअरचे पाणी बहुधा जड असते. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम साबणाशी मिळून चिकट थर बनतो. महिन्या-दोन महिन्यांतून धुण्याच्या टाकीत कोमट पाणी भरून सुमारे १०० ग्रॅम निंबूसत घालावे, १० मिनिटे यंत्र चालवावे, तासभर तसेच ठेवून पाणी सोडावे आणि टाकी स्वच्छ खळबळावी. निंबूसतासोबत ब्लीचिंग पावडर कदापि घालू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. उकळते पाणीही प्लास्टिकच्या टाकीत ओतू नये. धुणे झाल्यावर झाकण थोडा वेळ उघडे ठेवावे. यंत्राच्या पोटात खालून उंदीर शिरतात व तारा कुरतडतात, म्हणून तळाला बारीक जाळी लावावी.

शेवटी, हात कोठे आवरावा ते सांगतो. यंत्राला हात लावताच झिणझिण्या येणे, जळका वास येणे, स्विच वारंवार पडणे, किंवा स्पिनरखाली पाणी ठिबकणे, ही चार लक्षणे दिसताच प्लग काढावा व मिस्त्रीला बोलवावे. स्पिनरचे रबरी सील फाटले की पाणी थेट खालच्या मोटारीवर पडते, म्हणून या गळतीला किरकोळ समजू नये.

पट्टा, कपॅसिटर व सील यांचा खर्च नव्या यंत्राच्या किमतीच्या मानाने अगदी थोडा असतो. दिवाळी वा ईदच्या तोंडावर यंत्र अडून बसण्यापूर्वी एखाद्या रविवारी घरातील मुला-मुलींना जवळ बसवून ते उघडून पाहावे. पुस्तकातील विजेचा धडाही त्यांना तेथे अधिक चांगला समजेल. एवढे जरी कोणाच्या घरी घडले, तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे मी समजेन.