वाळूतली पाथरी आणि कावीळ

किनाऱ्यावरच्या वाळूत पसरणारी, पिवळ्या फुलांची पाथरी आपल्या पाहण्यातली आहे. तिचे धावते फुटवे जागोजागी मुळे धरतात व वाळू बांधून ठेवतात. गोव्यात तिला चिकोरीच्या पोर्तुगीज नावाने, 'आल्मेराव' म्हणून ओळखतात. पान तोडल्यास पांढरा चीक येतो. चीक पिवळा व पाने काटेरी असली, तर तो विषारी पिवळा धोतरा समजावा.

'डॉक्टर, काविळीवर पाथरीचा रस देऊ का?' असे मला नेहमी विचारतात. दूषित पाण्यातून होणारी 'ए' प्रकारची कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपोआप बरी होते. श्रेय मात्र झाडपाल्याला मिळते!

एक गरोदर भगिनी आठ दिवस रस घेऊन माझ्याकडे आली, ती गुंगीतच. लगेच मोठ्या रुग्णालयात पाठवली. ती वाचली, मूल गेले. 'ई' प्रकारची कावीळ गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत जिवावर बेतू शकते.

म्हणून काविळीत रक्त तपासून घ्यावे. सतत उलट्या, गुंगी, असंबद्ध बोलणे, हिरड्यांतून रक्त यांपैकी काहीही दिसल्यास, तसेच रुग्ण गरोदर असल्यास, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आणि पाणी उकळूनच प्यावे.