रिपोर्ट नॉर्मल असताना

पेरूगेटापासून टिळक रोडपर्यंत पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या कोणत्याही गल्लीत शिरा, एखादी तरी अभ्यासिका सापडतेच. परभणी, बीड, नांदेड, सोलापूर, जळगावहून स्पर्धा परीक्षांसाठी आलेली मुलं-मुली तिथे सकाळी टेबलाशी बसतात ती रात्री उशिरा उठतात. राहायला कॉट बेसिसवरची खोली, जेवायला मेस, मध्ये चहाची टपरी. राज्यसेवेला खुल्या गटासाठीही वयाची मर्यादा ३८ वर्षं आहे, त्यामुळे हा क्रम एका वर्षात संपेलच असं नाही. पूर्व, मुख्य, मुलाखत, पुन्हा पूर्व असं करत तीन, पाच, कधी त्याहून जास्त वर्षं जातात. या मुलांचे कष्ट आणि घरून येणारे पैसे सगळ्यांना दिसतात. एवढ्या वर्षांत त्यांचं शरीर काय काय सांभाळून घेतं, हे मात्र त्यांना कोणी नीट सांगत नाही. सांगायला हवं, कारण शरीर स्वतःहून लवकर सांगत नाही. ते आधी जुळवून घेतं, आणि रिपोर्ट नॉर्मल येतात ते बहुतेक वेळा याच जुळवून घेण्याच्या काळात.

सुरुवात दुपारच्या ताटापासून करू. चार पोळ्या, बटाट्याची रस्सा भाजी, वाटीभर भात, पातळ वरण. हे पचलं की रक्तात उतरणारं ग्लुकोज शंभर ग्रॅमच्या आसपास भरतं. आता दुसरा आकडा पाहा. मोठ्या माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून एका वेळी ग्लुकोज असतं जेमतेम पाच ग्रॅम, म्हणजे एक चमचा. एका जेवणातून याच्या वीसपट ग्लुकोज दोन-तीन तासांत रक्तात येणार, आणि तरी तिथली पातळी दुपटीच्या आत राहायला हवी. निरोगी शरीर हे रोज दोनदा सहज करतं. ते कसं करतं हे कळलं, की पुढचा सगळा बिघाड कळतो.

हे ग्लुकोज मुख्यतः दोन ठिकाणी साठतं. यकृतात साधारण शंभर ग्रॅम, आणि शरीरभरच्या स्नायूंमध्ये मिळून चारशेच्या आसपास. म्हणजे मोठा साठा स्नायूंचा, त्यातही मांड्या आणि पोटऱ्यांचा. जेवणानंतर स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्शुलिन सोडतात आणि ते मिळालं की स्नायू ग्लुकोज आत घेतात. पण स्नायूंना ग्लुकोज घेण्याचा आणखी एक मार्ग आहे, तो म्हणजे हालचाल. चालताना, जिने चढताना आकुंचन पावणारा स्नायू इन्शुलिनच्या सांगण्यावाचूनही ग्लुकोज ओढून घेतो. शेतात राबणाऱ्या, रोज कित्येक किलोमीटर चालणाऱ्या माणसाचं स्वादुपिंड म्हणूनच कमी कष्टात भागवतं. तोच माणूस अभ्यासिकेत बसला की हा दुसरा मार्ग बंद होतो. शिवाय सकाळी भरलेला साठा दुपारपर्यंत खर्चच झालेला नसतो, त्यामुळे नवीन येणाऱ्या ग्लुकोजला तिथे जागा उरत नाही.

मग यकृत जास्तीच्या ग्लुकोजची चरबी करू लागतं. ही चरबी आधी त्वचेखाली जाते. तिथे ती फारशी त्रासदायक नसते. उलट, सुरक्षितपणे चरबी ठेवायची शरीराची ती पहिली जागा. ती जागा पुरेनाशी झाली, की चरबी पोटातल्या अवयवांभोवती साठते, मग यकृताच्या पेशींमध्ये, स्नायूंमध्ये. यकृतात पाच टक्क्यांहून जास्त चरबी झाली की त्याला ‘फॅटी लिव्हर’ म्हणतात. सोनोग्राफीच्या कागदावर तसं लिहून आलं तरी बहुतेक जण तो कागद घडी घालून ठेवून देतात. दुखत काहीच नसतं. पण चरबीने भरलेलं यकृत इन्शुलिनचं पूर्वीसारखं ऐकत नाही. जेवणानंतर स्वतः ग्लुकोज सोडणं त्याने थांबवायला हवं, ते थांबत नाही, आणि रक्तात ट्रायग्लिसराइड या चरबीची भर मात्र पडत राहते.

इथे कोणी म्हणेल, ही जाड्या माणसांची गोष्ट. अभ्यासिकेतली पोरं तर काटक असतात. या समजुतीचं उत्तर सदाशिव पेठेपासून दोन-तीन किलोमीटरवर, रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयातून मिळालं आहे. तिथले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्या गावांतल्या नवजात बाळांचं सरासरी वजन २.७ किलो होतं. तुलनेसाठी घेतलेली इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची होती. आपली बाळं सगळ्याच बाबतींत तेवढीच कमी असतील, असं वाटणं साहजिक. तसं नव्हतं. दंड बारीक, पोट लहान, स्नायू कमी. पाठीवरच्या चरबीची जाडी मात्र इंग्रज बाळांच्या बरीच जवळ. हाडकुळं बाळ, आणि त्याच्यात चरबीचा वाटा जास्त. पुढे २००४ मध्ये डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच आकडे छापले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र यडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के.

माझ्या मते, पुण्याने वैद्यकशास्त्राला दिलेल्या सगळ्यांत उपयोगी गोष्टींपैकी ही एक. शहाणपणाची तर आहेच, पण आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या अर्धपोटी आयांची हकिगतही तिच्यात आहे. दुष्काळी पट्ट्यातून आलेल्या मुलाच्या शरीराने कमी मिळेल त्यात जगायची तयारी पोटातच केलेली असते. स्नायू कमी, म्हणजे ग्लुकोज साठवायची जागा कमी. त्याच मुलाला विशीत दिवसभर बसवलं आणि दोन वेळा पोळी-भाताचं ताट दिलं, तर चरबी यकृतापर्यंत पोचायला त्याचं वजन फार वाढावं लागत नाही. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय २५ नव्हे, २३ ला जपायला सांगतात, आणि कमरेचा घेर पुरुषांचा ९० सेंटिमीटर व स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा म्हणतात.

आता बीटा पेशींकडे वळू. स्वादुपिंडात या पेशींचे दहा लाखांच्या घरात बारीक पुंजके असतात आणि सगळे मिळून वजन एक-दोन ग्रॅमच भरतं. स्नायू आणि यकृत इन्शुलिनला दाद देईनासे झाले, की या पेशी ऐकू कमी येणाऱ्या माणसाशी आपण आवाज चढवून बोलतो तसं करतात. पूर्वी जेवढ्या इन्शुलिनमध्ये काम व्हायचं तिथे दुप्पट, तिप्पट सोडतात. साखर जागच्या जागी राहते. उपाशीपोटीची तपासणी केली तर आकडा ९० येतो आणि सगळे निश्चिंत होतात. तो ९० आणायला पेशींना किती राबावं लागलं, हे त्या कागदावर नसतं.

हा काळ किती चालतो, याचा चांगला पुरावा लंडनच्या सरकारी नोकरांच्या अभ्यासातून मिळतो. ‘व्हाइटहॉल’ नावाने चाललेल्या या पाहणीत साडेसहा हजारांवर माणसांच्या साखरेच्या आणि इन्शुलिनच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या गेल्या, आणि २००९ मध्ये त्यातून एक चित्र पुढे आलं. ज्यांना पुढे मधुमेह झाला, त्यांच्या शरीराचा इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद निदानाआधीच्या पाच वर्षांत झपाट्याने खालावला होता. निदानाच्या चार ते तीन वर्षं आधी त्यांच्या बीटा पेशींचं काम वाढलेलं दिसतं, म्हणजे जोर लावणं चालू होतं. त्यानंतर ते काम उतरत गेलं आणि साखर एकदम चढली. मधुमेहाचं निदान होतं तेव्हा बीटा पेशींची सुमारे निम्मी ताकद गेलेली असते, असं ब्रिटनमधल्याच दुसऱ्या एका दीर्घ अभ्यासाने दाखवलं आहे. आणि दक्षिण आशियाई माणसाला हा आजार युरोपियन माणसापेक्षा साधारण दहा वर्षं आधी गाठतो. सदाशिव पेठेत चोविसाव्या वर्षी आलेला मुलगा जिद्दीने तिसाव्या वर्षी अधिकारी होतो. त्याची निदानाआधीची वर्षं याच गल्ल्यांत गेलेली असू शकतात.

झोपेचा हिशेबही याच खात्यात येतो. शिकागोत १९९९ मध्ये अकरा निरोगी तरुणांना सहा रात्री चारच तास झोपू दिलं. त्यानंतर त्यांच्या रक्तातून ग्लुकोज निघून जायचा वेग सुमारे चाळीस टक्क्यांनी मंदावलेला आढळला. सहाच रात्री! पुढे २००३ मध्ये पेनसिल्व्हेनियात दोन आठवडे रोज सहा तास झोपलेल्या लोकांच्या चाचण्या घेतल्या. त्यांची एकाग्रता सबंध रात्र जागलेल्या माणसाइतकी घसरली होती, आणि विचारलं तर ते सांगत होते, थोडी पेंग येते एवढंच. शरीर आणि मेंदू कमी झोपेला सरावतात ते असे: कामाची पातळी उतरते, पण उतरल्याची जाणीव बोथट होते. रात्री दोनपर्यंत वाचलेलं परीक्षेत आठवत नाही, याला नशीब जबाबदार नसतं.

मग चहा. दिवसभर जागल्याने मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साचतं आणि ते झोप आणतं. चहातलं कॅफिन त्या रसायनाच्या जागा अडवून बसतं. मेंदूही गप्प बसत नाही, तो तशा जागा वाढवतो. म्हणून दोन कपांवर भागणारं काम सहा महिन्यांनी पाच कपांवर जातं, आणि गावी गेल्यावर चहा चुकला की डोकं ठणकतं. संध्याकाळी सहाला घेतलेल्या कॅफिनपैकी बराच भाग रात्री अकरालाही रक्तात असतो. टपरीवरच्या प्रत्येक कपासोबतची साखर वेगळीच.

रक्तदाबाबाबत शरीर जे करतं ते मला सर्वांत काळजीचं वाटतं. गळ्यातल्या मोठ्या रोहिण्यांमध्ये दाब मोजणारी मज्जातंतूंची टोकं असतात. दाब वाढला की ती मेंदूला कळवतात आणि मेंदू तो उतरवतो. पण वाढलेलं इन्शुलिन मूत्रपिंडांना मीठ धरून ठेवायला लावतं. त्यात लोणचं, पापड, फरसाण, वडापाव यांचं मीठ आणि परीक्षेचा ताण. दाब दिवसेंदिवस चढाच राहिला, तर ती टोकं चढ्या दाबालाच नेहमीचा दाब मानू लागतात आणि कळवणं थांबवतात. हृदयाची डावी भिंत जास्त जोर लावून लावून जाड होते. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही. रक्तदाब मोजल्याशिवाय तो कळायचा दुसरा मार्गच उरत नाही.

पाठदुखीचं कारण थोडक्यात सांगतो. मणक्यांमधल्या चकत्यांना स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. त्यांचं पोषण होतं ते दाब पडून आणि सुटून, म्हणजे हालचालीने. तासन्‌तास एकाच बैठकीत त्या उपाशी राहतात.

यातलं काय परत येतं? सुदैवाने बरंच, पण सगळं सारख्या वेगाने नाही. यकृतातली चरबी सर्वांत आधी उतरते, आहार खरोखर कमी केल्यावर दिवसांच्या हिशेबात. मधुमेह होऊन सहा वर्षं न उलटलेल्या लोकांवर स्कॉटलंड व उत्तर इंग्लंडमध्ये झालेल्या प्रयोगात, आहारातून वजन उतरवल्यावर ४६ टक्के लोकांची साखर वर्षाअखेर औषधांशिवाय मधुमेहाच्या मर्यादेखाली होती. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या भारतीयांवरही प्रयोग झाला आहे. त्याचे २००६ मधले निष्कर्ष असे, की चालणं आणि आहार सुधारल्याने मधुमेहाचं प्रमाण तीन वर्षांत सुमारे २८ टक्क्यांनी घटलं. स्नायूंची आणि हृदयाची क्षमताही फिरते. अमेरिकेत डॅलसला १९६६ मध्ये विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे पलंगावर झोपवून ठेवलं होतं. तेवढ्यात त्यांची क्षमता जेवढी घटली, तेवढी पुढच्या तीस वर्षांच्या वयानेही घटली नाही. आणि पन्नाशीत सहा महिने बेताच्या व्यायामाने वयामुळे गेलेली क्षमता त्यांनी भरून काढली. थकून गेलेल्या बीटा पेशींचं मात्र वेळेवर अवलंबून आहे. लवकर ओझं उतरलं तर त्या सावरतात, फार वर्षं गेली तर नाही.

त्यामुळे पेठेत राहून करण्याजोगं जे आहे ते जेवणाला जोडून करावं. मेसमधून थेट खुर्चीवर न जाता दहा-पंधरा मिनिटं चालावं, म्हणजे ग्लुकोज रक्तात चढत असतानाच मांड्या ते घेऊ लागतात. चारपैकी एक पोळी कमी आणि वरण किंवा उसळ वाटीभर जास्त, हे मेसच्या मावशींना सांगून जमतं. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते तेव्हा वडापावऐवजी उकडलेली अंडी, दही, भाजलेले शेंगदाणे, फुटाणे चालतात. पर्वतीच्या १०३ पायऱ्या आठवड्यातून तीन-चारदा चढल्या तर मांड्यांचे स्नायू टिकतात. पीएसआयच्या शारीरिक चाचणीला धावायचं असलेल्यांनी तरी लेखी निकालाची वाट पाहू नये.

आणि तपासणी. आई-वडिलांपैकी कोणाला मधुमेह असेल, किंवा कमरेचा घेर वर दिलेल्या मापाबाहेर गेला असेल, तर नुसत्या उपाशीपोटीच्या साखरेवर थांबू नये. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी करावी. मात्र लोहाच्या कमतरतेने रक्त कमी असलेल्या मुलींमध्ये तिचा आकडा खोटाच वर जाऊ शकतो. म्हणून डॉक्टरांना विचारून ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी होणारी तपासणी करावी. बीटा पेशींचा जोर अपुरा पडू लागला असेल तर उपाशीपोटीचा आकडा ठीक असतानाही ती दाखवू शकते: दोन तासांनंतर १४० च्या आत असेल तर ठीक, १४० ते १९९ म्हणजे उंबरठा. त्याच खेपेला रक्तदाबही मोजून घ्यावा. दोन तास लॅबमध्येच बसावं लागतं. वाचायला पुस्तक सोबत न्यावं.