मानेतील चरबीच्या गाठी : निदान आणि शस्त्रक्रिया

मानेवर हाताला लागणारी मऊ, न दुखणारी, बोटाखाली सरकणारी गाठ पुष्कळदा चरबीची असते. तिला लायपोमा म्हणतात. पातळ वेष्टनात चरबीच्या पेशी साठून ती तयार होते आणि वर्षानुवर्षे संथपणे वाढत राहते. कातडीखालचा असा साधा लायपोमा सर्रास आढळतो. त्याची भावंडे मात्र दुर्मिळ आहेत, आणि ती मानेत आली की काम नाजूक होते. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमन्या, श्वासनलिका, अन्ननलिका आणि जीभ, आवाज, खांदा चालवणारे मज्जातंतू इथे एकमेकांना खेटून असतात.

चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या पुरुषांत मानेच्या मागच्या बाजूला स्पिंडल सेल लायपोमा होतो. तीन वर्षांच्या आतल्या मुलांत लायपोब्लास्टोमा दिसतो. तो झपाट्याने वाढत असल्याने आईवडील धास्तावतात, पण तो कर्करोग नसतो. हायबर्नोमा ही तपकिरी चरबीची गाठ. नवजात बाळाला ऊब देणारी ही चरबी भरपूर ऊर्जा जाळते, त्यामुळे पेट स्कॅनमध्ये ही निरुपद्रवी गाठसुद्धा कर्करोगासारखी उजळते. तिच्यात रक्तवाहिन्याही खूप असतात, म्हणून सुई घालताना रक्तस्रावाची काळजी घ्यावी लागते.

सर्वांत विलक्षण म्हणजे मॅडेलुंगचा आजार. इंग्लंडमधील बेंजामिन ब्रॉडी यांनी 1846 मध्ये त्याची नोंद केली, तर जर्मन शल्यचिकित्सक ओटो मॅडेलुंग यांनी 1888 मध्ये 33 रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. यात मान, खांदे आणि पाठीचा वरचा भाग यांवर दोन्ही बाजूंना सारखी चरबी चढते. घोड्याच्या गळ्यात जाड पट्टा घालावा तशी मान दिसते. बहुतेक रुग्ण वर्षानुवर्षे भरपूर मद्यपान केलेले मध्यमवयीन पुरुष असतात आणि भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांत प्रमाण अधिक आहे. वजन उतरवले तरी ही चरबी ओसरत नाही. तिला वेष्टन नसते, ती स्नायूंच्या फटीफटीत शिरते.

निदानाची सुरुवात हाताने चाचपूनच होते. गाठ कधीपासून आहे, अलीकडे झपाट्याने वाढली का, घोरणे, गिळताना अडखळणे किंवा आवाजात बदल आहे का, हे विचारले जाते. घशामागची खोल गाठ बाहेरून दिसतच नाही. घोरणे हेच तिचे पहिले लक्षण असू शकते. सोनोग्राफीत वरवरची गाठ कळते. खोल गाठीसाठी एमआरआय हवा. त्यात चरबी पांढरी उजळते आणि चरबीचा संकेत दाबणाऱ्या चित्रात तीच काळी पडते. जे काळे पडत नाही तिथे डॉक्टरांची नजर थबकते. जाड पडदे, चरबी नसलेले घट्ट भाग, मोठा आकार यांवरून लायपोसार्कोमा या कर्करोगाची शंका येते. मानेत तो विरळा, पण चुकवून चालत नाही. बारीक सुईने घेतलेल्या पेशी इथे अनेकदा अपुऱ्या पडतात, म्हणून जाड सुईने तुकडा घेतात. त्यात एमडीएम2 या जनुकाच्या प्रती वाढलेल्या आढळल्या, तर साध्या लायपोमापेक्षा लायपोसार्कोमाकडे कौल झुकतो.

शस्त्रक्रियेत शक्यतो मानेच्या नैसर्गिक घडीत छेद घेतात, म्हणजे व्रण लपतो. वेष्टन असलेली गाठ बोटाने आणि बोथट हत्याराने अलगद सुटी होते. खरे कौशल्य लागते ते मज्जातंतू ओळखून बाजूला ठेवण्यात. मानेच्या कडेने खांद्याकडे जाणारा मज्जातंतू दुखावला तर हात वर उचलणे कठीण होते. जबड्याच्या कडेचा दुखावला तर ओठाचा कोपरा वाकडा होतो. मॅडेलुंगच्या आजारात सगळी चरबी काढण्याचा हट्ट धोक्याचा ठरतो. तिथे उघडी शस्त्रक्रिया किंवा लायपोसक्शन करून श्वास मोकळा आणि मान सुटसुटीत करणे हेच उद्दिष्ट असते. चरबी पुन्हा वाढू शकते. अशा मानेत भूल देताना श्वासनलिकेत नळी घालणेही अवघड असते, त्यामुळे भूलतज्ज्ञांची तयारी आधीपासून लागते. दारू सोडणे हा उपचाराचाच भाग आहे.

लहान, न वाढणारी, त्रास न देणारी गाठ नुसती नजरेखाली ठेवली तरी चालते. पण काढलेली प्रत्येक गाठ, कितीही साधी दिसली तरी, पॅथॉलॉजिस्टकडे गेलीच पाहिजे. तो अहवाल रुग्णाने मागून घ्यावा आणि जपून ठेवावा.