लहान अंगणातला जपानी मेपल : ‘सरळ’ म्हणजे ‘अरुंद’ नव्हे

ऑक्टोबर संपता संपता अमेरिकेच्या ईशान्य भागात जपानी मेपल लालभडक होऊ लागतो. न्यू जर्सीत घराघरांसमोर दिसणारे हे झाड तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्याही परिचयाचे आहे. मात्र ओळीने बांधलेल्या टाउनहाउसपुढे अनेकदा जेमतेम आठ-दहा फुटांचा मातीचा तुकडा असतो. तेथे हौसेने लावलेला मेपल काही वर्षांत खिडकी झाकू लागतो, पायवाटेवर येतो. मग दरवर्षी कात्री चालते, डौल बिघडतो आणि अखेर झाडच काढून टाकण्याची वेळ येते. अशा जागेसाठी उभट आणि अरुंद वाढणारे वाण उपलब्ध आहेत. पण ते नीट पारखून घ्यावे लागतात.

‘एसर पाल्माटम’ हे या झाडाचे शास्त्रीय नाव. जपान आणि कोरिया हे त्याचे मूळ प्रदेश. जपानमध्ये त्याला ‘इरोहा मोमिजी’ म्हणतात. जुन्या जपानी वर्णमालेचा आरंभ ‘इ-रो-हा’ असा होतो. पानाचे सात भाग बोटाने मोजताना ही अक्षरे उच्चारली जात, त्यावरून हे नाव पडले. तेथील बागकाम करणाऱ्यांनी शतकानुशतके वेगळ्या रूपाची रोपे निवडून जपली. आज या झाडाचे हजाराहून अधिक वाण ज्ञात आहेत.

लेबलावरचा शब्द

रोपवाटिकांत या वाणांची ढोबळमानाने ‘सरळ वाढणारे’ आणि ‘झुकणारे’ अशी विभागणी केलेली असते. येथेच घोटाळा होतो. ‘सरळ’ याचा अर्थ फांद्या खाली लोंबत नाहीत, एवढाच. ‘ब्लडगुड’ हा लाल पानांचा लोकप्रिय वाण सरळ वाढणाराच आहे. पण कालांतराने त्याची रुंदी उंचीइतकीच, म्हणजे पंधरा ते वीस फूट होऊ शकते. हिवाळ्यात पोवळ्यासारख्या सालीमुळे शोभणारा ‘सांगो-काकू’ही कोवळेपणी सडपातळ दिसतो आणि पुढे वरच्या बाजूने फुलदाणीसारखा पसरतो.

याउलट ‘ट्वॉम्बलीज रेड सेंटिनेल’ या लाल पानांच्या वाणाच्या फांद्या खोडालगत वर चढतात. पूर्ण वाढीनंतर त्याची उंची साधारण १५ फूट, तर रुंदी सहा फुटांच्या आसपास असते. हिरवी पाने हवी असल्यास ‘त्सुकासा सिलुएट’ हा असाच स्तंभासारखा वाण आहे. कुंडीतील कोवळे रोप बहुधा अरुंदच दिसते. त्यामुळे वाणाचे नेमके नाव आणि पूर्ण वाढीनंतरची रुंदी या दोन गोष्टी विचारून मगच खरेदी करावी. सहा फूट रुंदीचे झाड भिंतीपासून किमान चार फुटांवर असावे.

कलमच का?

मेपलच्या बीपासून रोप येते, पण आईचे गुण त्यात उतरतीलच असे नाही. त्यामुळे असे खास वाण प्रामुख्याने साध्या हिरव्या मेपलच्या खुंटावर कलम बांधून तयार केले जातात. कलमाच्या जोडाखालून फुटवे आले तर ते खुंटाचे असतात. ते जोमाने वाढून मूळ वाणाला मागे टाकतात. असे फुटवे दिसताच बुंध्यापासून काढावेत. अन्यथा अरुंद लाल झाडाच्या जागी काही वर्षांनी पसरट हिरवे झाड उभे राहते.

लागवड आणि निगा

वसंत ऋतूचा आरंभ किंवा शरद ऋतू हा लागवडीचा योग्य काळ. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दोन-तीनपट रुंद असावा. खोली मात्र गोळ्याइतकीच ठेवावी. खोड जेथे रुंदावून मुळे सुरू होतात, तो भाग जमिनीच्या पातळीवर दिसला पाहिजे. तो मातीत गाडला गेल्यास साल कुजते व झाड हळूहळू खंगते. कुंडीत गोल फिरलेली मुळे सोडवावीत किंवा कापावीत. पुढे ती खोडालाच फास लावतात.

या झाडाची मुळे उथळ असतात. त्यांना ओलावा हवा, पण साचलेले पाणी चालत नाही. माती किंचित आम्लधर्मी आणि निचऱ्याची असावी. पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात नियमित व खोलवर पाणी द्यावे. झाडाभोवती दोन-तीन इंच सालींच्या तुकड्यांचे आच्छादन करावे. मात्र ते खोडाला भिडू देऊ नये.

सकाळचे ऊन आणि दुपारची सावली हे उत्तम. दुपारचे कडक ऊन व कोरडा वारा यांनी पानांच्या कडा करपतात, तर दाट सावलीत लाल पाने हिरवट होतात. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेले मीठ मुळांपर्यंत पोहोचणार नाही, याचीही काळजी घ्यावी. ओल्या, जड बर्फाने उभट फांद्या फाकतात. बर्फ हलक्या हाताने झटकावा किंवा हिवाळ्याआधी फांद्या मऊ दोरीने सैलसर बांधाव्यात.

छाटणी पानगळीनंतर, ऐन हिवाळ्यात आणि बेताचीच करावी. वसंताच्या तोंडावर रस चढू लागला की कापलेल्या जागेतून तो वाहत राहतो. योग्य वाण निवडला असेल, तर वाळलेल्या व एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढण्यापलीकडे फारसे काम उरत नाही.

महाराष्ट्रात शक्य आहे का?

हे रोप मुंबई-पुण्यात लावण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु या झाडाला दरवर्षी थंडीतील दीर्घ विश्रांती लागते. आपल्याकडील सौम्य हिवाळ्यात ती मिळत नाही आणि एप्रिल-मेच्या उन्हात पाने करपतात. वातानुकूलित खोलीही हिवाळ्याची उणीव भरून काढू शकत नाही. त्यामुळे येथे त्यावर पैसे खर्च न करणेच श्रेयस्कर. परदेशातील थंड प्रदेशात राहणाऱ्यांनी मात्र खरेदीला निघण्यापूर्वी अंगणाची रुंदी टेपने मोजून घ्यावी आणि तो आकडा सोबत न्यावा.